सैल खोबणी

"ही सातवी," मी म्हणाले.

नुकताच बसवलेला प्रायमर पुंगळी उलटी केल्याबरोबर घरंगळत माझ्या तळहातावर आला. असं होता कामा नये. पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, आणि प्रायमर म्हणजे तिच्या बुडाशी बसणारी मसुराएवढी टोपी. बंदुकीची सुई तिच्यावर आपटते, ती पेटते आणि आतली दारू पेटवते. तिच्यासाठी पुंगळीत जी खोबण असते ती इतकी घट्ट हवी, की टोपी बसवताना अंगठा दुखला पाहिजे. या सात पुंगळ्यांत ती नुसती आत जाऊन बसली होती, पाहुण्यासारखी.

"वेंडेलच्या असतील," हार्लन म्हणाला. तो तळघरातल्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडे पाठ करून उभा होता.

"वेंडेलच्या कशा असतील? बुडाला ठिपका माझा आहे."

"तोही लाल ठिपकाच लावतो."

"तो मार्करनं लावतो. हे माझं नेलपॉलिश आहे. आणि लाल नाहीये, जांभळं आहे. यंदा रेनीनं दिलेलं."

हार्लननं पुंगळी घेतली, दिव्याखाली धरली, मान वाकडी करून एका डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली आणि मला परत दिली.

"लालच आहे," तो म्हणाला.

मी गप्प बसले. मी गप्प बसले की घरात काहीतरी शिजतंय हे बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याला कळायला हवं होतं.

मी संशयी बाई आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढली आणि कोणत्या बाईच्या पर्समधून लोण्याची वडी घरी जाते हे मला तिच्या चालण्यावरून कळायचं. चर्चमधल्या बायका मला बघून आवाज खाली आणतात, त्याचंही मला वाईट वाटत नाही. पण बंदुकीच्या बाबतीत आमच्या घरात कामांची वाटणी ठरलेली होती. दारू आणि तराजू त्याचा, खोबणी माझ्या. काडतुसं आम्ही घरीच पुन्हा भरायचो: वापरलेल्या पुंगळीतला जळका प्रायमर तो बाकावरच्या दाबयंत्रात काढायचा आणि पुंगळ्या माझ्याकडे सरकवायचा. मी पेनाएवढी दांडी घ्यायची, तिच्या टोकाचा तारेचा ब्रश खोबणीत घालायचा, दोन वेढे द्यायचे, काजळी फुंकून टाकायची. मग नवा प्रायमर बसवायचा. एवढंच. हजारो पुंगळ्या माझ्या बोटांखालून गेल्या असतील, आणि बोटांना जे कळतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. काजळी नीट काढली नाही तर प्रायमर वर राहतो. खोबण सैल झाली असेल तर कारण एकच. कुणीतरी त्या पुंगळीत दारू जास्त भरलेली असते. दाबानं पितळेचं बूड पसरतं आणि पुन्हा आत येत नाही. पुढच्या वेळी तेवढीच भरली तर जळता वायू मागून निघतो, थेट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर.

आणि या पुंगळ्या रेनीच्या बंदुकीच्या होत्या, खाणीत उडवून आणलेल्या. रेनी आमची एकुलती एक. शुक्रवारी संध्याकाळी ती येणार होती आणि शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडणार होता. तिच्यासाठी वीस काडतुसांचा एक डबा हार्लननं आधीच भरून कपाटात ठेवला होता, वर तिचं नाव लिहून. ते नाव तिरपं होतं. मला तेव्हाच टोचायला हवं होतं.

बुधवारी चर्चच्या तळघरात वर्षाचं माशांचं जेवण होतं. लांब टेबलं, उकडलेला मासा, बटाटे, वर वितळलेलं लोणी. वेंडेल आमच्या समोर बसला होता. वेंडेल म्हणजे हार्लनचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या आणि रेनीच्या बंदुकीला एकाच मापाचं काडतूस लागतं. गेली तीस वर्षं दोघं रेतीच्या खाणीत एकाच ताडपत्रीवर उभे राहून नेम लावतात. वेंडेल लोणी ओतून घेत होता, आणि हार्लननं मध्येच सुरू केलं.

"तुझ्या पुंगळ्या माझ्यात मिसळल्यास तू."

"कुठल्या?"

"त्या रविवारी, खाणीत. ताणलेल्या. तू ठासून भरतोस हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"माझ्या मी उचलल्या होत्या."

"सगळ्या? खात्रीनं?"

"हार्लन, मासा गार होतोय तुझा."

"मी काहीतरी विचारतोय. माझ्या लेकीच्या बंदुकीत जाणार होत्या त्या."

आजूबाजूचे काटेचमचे थांबले. वेंडेलनं हार्लनकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "असेल बाबा. झालं असेल चुकून." आणि कॉफीचा कप उचलून पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला.

"बघ," हार्लन मला म्हणाला, "कबूल केलंन."

मी काटा खाली ठेवला. वेंडेल आयुष्यात कधी चूक कबूल करत नाही. त्यानं आमच्या फाटकावर गाडी घातली होती तेव्हासुद्धा फाटकच मध्ये आलं असं म्हणाला होता. असा माणूस भरल्या चर्चमध्ये मान खाली घालतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

गुरुवारी सकाळी भोपळ्याचा केक घेऊन मी त्याच्याकडे गेले. तो गोठ्याशेजारच्या खोलीत काहीतरी घासत बसला होता.

"केक आणलास म्हणजे चौकशीला आलीस," तो म्हणाला.

"त्या पुंगळ्या तुझ्या नव्हत्या. ठिपके माझे होते."

"मला माहीत आहे."

"मग कबूल कशाला केलंस?"

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. फळीवरून तंबाखूचा जुना डबा काढला आणि माझ्या हातात चार पुंगळ्या ठेवल्या. चारींचे प्रायमर दाबून सपाट झाले होते, एकाच्या कडेनं काळा ओघळ आला होता.

"माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, ऑगस्टमध्ये, हार्लननं मला पन्नास भरून दिली होती," तो म्हणाला. "चारच उडवली. चौथ्याला बंदुकीचा मागचा बोल्ट असा अडकला की लाकडाचा ठोकळा घेऊन ठोकून उघडावा लागला. बाकीची विहिरीमागे पुरली."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? चौतीस वर्षं धान्याच्या कोठारावर गव्हाचे ट्रक तोलले त्यानं. इथले लोक सख्ख्या भावावर विश्वास ठेवत नाहीत, पण हार्लनच्या काट्यावर ठेवायचे. त्याला जाऊन सांगू, तुझं माप चुकतंय?"

"चर्चमध्ये तरी नाही म्हणायचंस."

"मी नाही म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न काय आला असता? मग कोणाच्या?" त्यानं केकचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "लॅव्हॉन, तो माझ्याशी बोलताना कुठे बघतो ठाऊक आहे तुला? माझ्या कानाकडे. मधला चेहरा त्याला दिसतच नाही. मला वाटलं, तुला माहीत असेल. तुझ्या नजरेतून काही सुटतं का कधी?"

घरी येईपर्यंत मी गाडीत स्वतःला शिव्या घालत होते. त्यानं शब्दकोडं सोडवणं बंद केलं, तेव्हा म्हणाला पेपरची छपाई घसरली. मी पेपरवाल्यांना दोष दिला. कॉफी ओतताना कपात बोट घालून ठेवतो, मी म्हणाले म्हातारपणची घाण सवय. साऱ्या जगावर संशय घेतला आणि घरातल्या माणसावर घ्यायचा तेवढा राहून गेला. की मुद्दामच राहू दिला, कुणास ठाऊक.

घरात शिरल्यावर पहिलं काम केलं. कपाटातला रेनीचा डबा काढला आणि फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्यांखाली दडवला.

जेवताना हार्लन म्हणाला, "रेनीचा डबा जागेवर नाहीये."

"असेल तिथेच."

"मी हात फिरवून पाहिला. नाहीये." जरा थांबून त्यानं विचारलं, "वेंडेल येऊन गेला का?"

"तो कशाला येईल?"

"मग तू हलवलास."

"मी तुझ्या वस्तूंना हात लावते का कधी?"

तो माझ्या कानाकडे बघत होता. मी खुर्चीत थोडी डावीकडे सरकले, तर नजर तिकडे आली, पण पुन्हा कानावरच.

"या घरात कुणीतरी माझ्या वस्तू हलवतंय," तो म्हणाला. "असू दे. दुपारी दुसरा भरतो."

जेवून तो आडवा झाला आणि मी तळघरात उतरले. तराजू जुना आहे, दांडीचा. दांडीवर दोन वजनं सरकतात: मोठं पाच-पाच ग्रेनच्या खाचांतून, छोटं एकेका ग्रेनच्या. ग्रेन म्हणजे केवढं, तर चिमटीत धरलं तर सापडणार नाही एवढं. रेनीच्या बंदुकीला सत्तेचाळीस ग्रेन दारू लागते. हार्लनच्या वहीत पानभर मोठ्या आकड्यात लिहिलेलं आहे. म्हणजे मोठं वजन पंचेचाळीसच्या खाचेत आणि छोटं दोनच्या. मी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. छोटं दोनवर होतं. मोठं होतं पन्नासवर.

एक खाच. नखाएवढी जागा.

इथे मी जे केलं ते आजही मला गोड वाटत नाही. मी त्याला उठवून सांगू शकले असते. पण मला वाटलं, सांगितलं तर तो म्हणेल, आत्ता धक्का लागला असेल. मग म्हणेल, तूच हलवलंस. आणि मग उद्या पुन्हा भरायला बसेल. मला पुरावा हवा होता. शाळेतल्या लोणीचोर बाईला पकडावं तसं मी माझ्या नवऱ्याला पकडायचं ठरवलं. मोठं वजन उचललं आणि चाळीसच्या खाचेत ठेवलं. म्हणजे बेचाळीस. डोळस माणसाला जिन्यावरून दिसावं.

तीनच्या सुमारास तो खाली आला. मी माझ्या जागेवर, हातात ब्रश घेऊन. त्यानं दारूचा डबा उघडला, तराजूसमोर बसला, वाकला, मान वाकडी केली.

"सत्तेचाळीस," तो मोठ्यानं म्हणाला. भरायला बसताना नेहमी म्हणतो तसा.

मग चमच्यानं दारू पारड्यात घातली, शेवटचे कण चिमटीनं. तराजूची दांडी सरळ होताना त्याला कडेनं दिसत असावी, कारण बरोबर तिथे थांबला. पारडं उचललं, नरसाळ्यातून पुंगळीत रिकामं केलं. पुन्हा. पुन्हा. इतका नीटनेटका, इतका सावकाश. एक कण बाकावर सांडला तर बोटानं टिपून परत डब्यात टाकत होता. माझ्या हातातली पुंगळी मी किती वेळ घासत होते कुणास ठाऊक.

पाचवी भरून झाल्यावर त्यानं हात मांडीवर ठेवले.

"तू आज फुंकर मारत नाहीयेस," तो म्हणाला. "काय झालंय?"

"हार्लन, मोठं वजन चाळीसवर आहे."

मग उजव्या हाताचं पहिलं बोट त्यानं दांडीवर ठेवलं आणि नख टोकापासून एकेका खाचेवरून नेऊ लागला. कट्, कट्, कट्. मी मोजत होते, तोही मोजत होता. आठव्या खाचेत नख वजनाला लागलं आणि थांबलं.

"कुणी ठेवलं?"

"मी."

"कधी?"

"तू झोपला होतास तेव्हा."

"मला पकडायला."

"हो."

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"त्याआधी कितीवर होतं?" त्यानं विचारलं.

"पन्नासवर."

हार्लनचं नख अजून त्याच खाचेत होतं.

"बावन्न," तो म्हणाला. "म्हणजे रेनीचा डबा बावन्न." आणि मग, "वेंडेलची पण."

"त्याची त्यानं पुरली. चारच उडवली होती. त्याला काही झालं नाही."

"आणि मी चर्चमध्ये..." हार्लनला रडताना मी त्याची आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं, त्या दुपारीही नाही. त्यानं फक्त दारूच्या डब्याचं झाकण घेतलं आणि ते लावायला तीनदा चुकला. मला त्याचा हात धरावासा वाटला. धरला नाही. आधी सापळा लावायचा आणि मग हात धरायचा, हे माझ्याच्यानं झालं नाही.

"किती दिवस दिसत नाहीये?" मी विचारलं.

"वसंतापासून. मधोमध पुसल्यासारखं होतं. कडेला सगळं दिसतं. मला वाटलं, कडेनं भागेल." मग म्हणाला, "डबा आण. कुठे लपवलायस तिथून."

मी मटारखालून डबा आणला. भरलेलं काडतूस सोडवायचं म्हणजे एका पोकळ हातोड्यात ते अडकवायचं आणि हातोडा जमिनीवर आपटायचा. गोळी आणि दारू सुटून आत पडतात. तो सिमेंटच्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि आपटू लागला. निघालेली दारू मी तोलायची. वजन मी सरकवलं, त्यानं सरकवू दिलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या तराजूला त्याच्यासमोर हात लावत होते.

"बावन्न," मी म्हणाले.

पुढचं. "बावन्न."

चौथ्यानंतर मी म्हणाले, "पुरे आता. सगळी सारखीच आहेत."

"सगळी तोल," तो म्हणाला. "चार ट्रक तोलून बाकीचे अंदाजानं सोडत नाहीत."

वीसच्या वीस बावन्न. एकही कण इकडे नाही, तिकडे नाही. एवढा काटेकोर माणूस, आणि एक खाच.

शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "हार्डवेअरच्या दुकानात ने मला." गाडीची किल्ली त्यानंच माझ्या हातात दिली. दुकानात कॉनी गल्ल्यावर होती. हार्लननं तिच्याकडे रेनीच्या बंदुकीच्या काडतुसांची एक पेटी मागितली तेव्हा ती हसायलाच लागली.

"तू? दुकानातली? अरे, तूच सांगायचास ना, विकतची काडतुसं म्हणजे विकतचं लोणचं?"

"सांगायचो," हार्लन म्हणाला. "आता मला दिसत नाही, कॉनी. माझी कुणी वापरू नयेत. तुझ्याकडे कुणी विचारलं तर सांग."

कॉनीचं हसू गेलं. हार्लनकडून काडतुसं भरून घेणारी गावात पाच-सहा घरं होती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार, आणि ते त्याला ठाऊक होतं. मी शेजारी उभी राहून खिळ्यांची बरणी बघत होते, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

परतताना तो म्हणाला, "वेंडेलकडे थांब." मी गाडीत बसून राहिले. दोघं ओसरीवर उभे होते, हार्लनची टोपी हातात. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. काच खाली केली, तरी नाही. शेवटी वेंडेलनं त्याचा खांदा दाबला आणि आत गेला. गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय म्हणाला? हार्लन म्हणाला, केक चांगला झाला होता म्हणाला.

रेनीला त्यानं स्वतः सांगितलं, जेवणाच्या टेबलावर, पेटी तिच्यापुढे सरकवून. ती आधी माझ्याकडे बघायला लागली. "आईकडे काय बघतेस," तो म्हणाला. "आईनं पकडलं म्हणून तुझे डोळे राहिले." डॉक्टरकडे सोमवारीच नेते, रेनी म्हणाली, आणि पेटी जवळ ओढून घेतली.

शनिवारी ती पहाटेच माळावर गेली. हार्लननं तळघरातून दारूचे सगळे डबे वर आणले, नऊ होते. दारू जाळता येते, पण जुन्या माणसांना ती गवतावर टाकलेली आवडते; खत म्हणून चालते. तो घरासमोरच्या गवतावर डबा बगलेत धरून पेरणीसारखा मुठी टाकत चालला. या टोकाकडून त्या टोकाला, मग वळून परत. मी पायरीवर बसले होते. मदत करू का, असं विचारलं नाही.

"सगळीकडे पडतेय ना?" त्यानं मध्येच थांबून विचारलं.

मी बघत होते. बाजूंना पडत होती. मधोमध एक लांब पट्टा रिकामाच राहत होता, प्रत्येक फेरीत.

"पडतेय," मी म्हणाले.

मे महिन्यात गवत वर आलं. दोन्ही बाजूंना काळपट हिरवं, दाट, आणि मधून दरवाजापासून रस्त्यापर्यंत एक फिकट पिवळा पट्टा. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दिसावा. एका दुपारी वेंडेल आला. फाटकाशी उभा राहून त्यानं गवत पाहिलं, मग खिडकीतून बघणारी मी त्याला दिसले. ओसरीवरच्या दोन खुर्च्या त्यानं उचलल्या, त्या पिवळ्या पट्ट्यावर नेऊन एकाशेजारी एक मांडल्या आणि हार्लनला बाहेर बोलावलं.

"कसं आलंय गवत?" हार्लननं बसता बसता विचारलं.

"दाट," वेंडेल म्हणाला. "पाय पसर."